नकाशाचे इमान

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नानाखेड्यातील आमच्या घरी एक गोड भांडण झाले. पुण्याहून मामा आले होते. फराळाची ताटे पुढे आली, गप्पांना रंग चढला आणि बोलता बोलता विषय निघाला तो 'तुमचे राज्य मोठे की आमचे?' हा. आमची आई महाराष्ट्राची लेक आणि माळव्याची सून. तेव्हा हा वाद आमच्या घराला काही नवा नाही. आजोबा म्हणाले, "अहो, आमचा मध्यप्रदेश एके काळी साऱ्या देशात मोठा होता!" त्यावर मामा हसून म्हणाले, "काका, ते १ नोव्हेंबर २००० च्या आधीचे. छत्तीसगड वेगळे झाले आणि पहिला नंबर राजस्थानकडे गेला." मग बाबांनी भूगोलाचे पुस्तक मागविले. मध्यप्रदेशाचे क्षेत्रफळ ३,०८,२४५ चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्राचे ३,०७,७१३. फरक अवघा ५३२ चौरस किलोमीटरांचा! "म्हणजे बरोबरीच झाली म्हणा ना, भावोजी," असे म्हणून मामांनी चकलीचा तुकडा मोडला आणि वाद मिटला.

परंतु आम्हां भावंडांच्या मनातला वाद मिटला नव्हता. आम्ही संगणकावर नकाशा उघडला, दोन्ही राज्ये पडद्यावर एकाच वेळी दिसतील असे केले, पातळ पारदर्शक कागद ठेवून त्यांच्या सीमा गिरवून घेतल्या आणि तो कागद आलेखवहीच्या पानावर पसरून आतील चौकटी मोजल्या. एकदा मोजल्या, दोनदा मोजल्या. दर वेळी मध्यप्रदेश पाच-सहा टक्क्यांनी मोठा भरला. आजोबांना आनंद झाला. मामा मात्र विचारात पडले. पुस्तक खोटे म्हणावे, तर ते सरकारी मोजणीवरून छापलेले. नकाशा खोटा म्हणावा, तर त्याच्यावर विसंबून मामा पुण्याहून आमच्या दारापर्यंत गाडी घेऊन आले होते! दोघेही साक्षीदार प्रामाणिक आणि साक्षी मात्र भिन्न, असा हा प्रसंग होता.

सुट्टी संपताच हा प्रश्न आम्ही भूगोलाच्या सरांपुढे ठेवला. त्यांनी उत्तर दिले नाही, उलट आम्हांसच विचारले, "संत्र्याची साल अख्खी काढून ती टेबलावर सपाट पसरता येईल का?" आम्ही घरी करून पाहिले. साल दाबली की कडांना फाटते. फाटू द्यायची नाही म्हटले तर मध्ये फुगून राहते. हाच अनुभव उलट बाजूने आमच्या आईस दर गणेशचतुर्थीस येतो. उकडीच्या मोदकाची पारी सपाट असते. ती गोल सारणाभोवती आणावयाची तर तिला कळ्या पाडाव्याच लागतात. कळ्या न पाडता मोदक वळणारी सुगरण अजून जन्मास यावयाची आहे. सपाटाचे वाटोळे करताना चुण्या पडतात आणि वाटोळ्याचे सपाट करताना ते ताणते किंवा फाटते. पृथ्वी वाटोळी आहे आणि कागद सपाट आहे. नकाशाशास्त्राचे सारे दुखणे आणि सारे कौशल्य ह्या एका वाक्यात साठविलेले आहे.

हा केवळ हाताच्या कौशल्याचा प्रश्न असता, तर आज ना उद्या कोणी कुशल कारागीर तो सोडविता. परंतु १८२७ साली गाउस ह्या थोर जर्मन गणितज्ञाने असे सिद्ध केले की, गोलाचा पृष्ठभाग कोठेही न ताणता, न आकसता सपाट पृष्ठावर उतरविणे अशक्य आहे. कठीण नव्हे, अशक्य! त्यामुळे नकाशा करणाऱ्यापुढे 'चूक करू की नको' हा प्रश्नच उरत नाही. कोणती चूक पत्करावयाची आणि तिच्या मोबदल्यात काय राखावयाचे, एवढेच त्याच्या हाती असते. भूभागाचे क्षेत्रफळ राखावे, लहान लहान भागांची आकृती आणि कोन राखावेत, की एखाद्या ठिकाणापासूनची अंतरे राखावीत? ह्यांतले एक राखता येते. काही वेळा थोडे थोडे सगळेच राखल्यासारखे करता येते. परंतु क्षेत्रफळ आणि कोन हे दोन्ही सर्वत्र अचूक असा जगाचा सपाट नकाशा असूच शकत नाही. पृथ्वीगोलावरची अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते कागदावर मांडण्याच्या अशा प्रत्येक रीतीस 'प्रक्षेपण' असे नाव आहे.

प्रक्षेपणाची कल्पना येण्यास एक युक्ती उपयोगी पडते. काचेचा एक पृथ्वीगोल घ्यावा, त्यावर रेखावृत्ते व अक्षवृत्ते काळ्या शाईने काढावीत आणि आत दिवा लावावा. आता गोलाभोवती कागदाची नळी गुंडाळली तर तिच्यावर जी छाया पडेल ते दंडगोल प्रक्षेपण. टोपीसारखा कागदाचा शंकू बसविला तर शंकू प्रक्षेपण. आणि सपाट कागद एखाद्या बिंदूवर नुसता टेकविला तर खमध्य प्रक्षेपण. जेथे कागद गोलास टेकलेला असतो, तेथे नकाशा अचूक. तेथून जसजसे दूर जावे तसतशी चूक वाढत जाते. अर्थात प्रत्यक्षात नकाशाकार दिवा लावून बसत नाहीत. ते गणिताने रेषा हव्या तशा सरकवितात आणि म्हणूनच आजवर शेकडो प्रक्षेपणे निर्माण झाली आहेत.

आमच्या पडद्यावरचा नकाशा ह्यांपैकी ज्या घराण्यातला होता, ते घराणे फार जुने आहे. १५६९ साली गेरार्ड मर्केटर ह्या फ्लँडर्समध्ये जन्मलेल्या नकाशाकाराने खलाशांसाठी जगाचा एक नकाशा काढला. त्याच्या नकाशात रेखावृत्ते उभी, सरळ आणि समांतर आहेत. पृथ्वीवर तर ती ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात. म्हणजे ती समांतर ठेवण्यासाठी नकाशा पूर्व-पश्चिम ताणावा लागतो. आकृती बिघडू नये म्हणून मर्केटरने तो तेवढाच दक्षिणोत्तरही ताणला. परिणाम असा की, विषुववृत्तावर एक असलेले माप ६० अक्षांशावर दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट दिसते. ८० अक्षांशावर तर क्षेत्रफळ सुमारे तेहतीस पट फुगते. ध्रुव स्वतः ह्या नकाशात कधीच मावत नाही; तो अनंतावर जाऊन बसतो.

आता आमच्या घरच्या भांडणाचा उलगडा होतो. मध्यप्रदेशाचा मध्यभाग सुमारे साडेतेवीस अक्षांशावर आणि महाराष्ट्राचा सुमारे साडेएकोणीस अक्षांशावर येतो. दोन्ही राज्ये ह्या नकाशात ताणली जातात. परंतु जे उत्तरेस आहे ते अधिक ताणले जाते. चार अक्षांशांच्या ह्या फरकाचा हिशोब केला, तर तो पाच-सहा टक्क्यांचाच निघतो. आमच्या चौकटींची मोजणी बरोबर होती, पुस्तकातले आकडेही बरोबर होते. चुकला होता तो आमचा प्रश्न. ज्या नकाशाने क्षेत्रफळ राखण्याचे वचनच कधी दिले नव्हते, त्याच्याकडे आम्ही क्षेत्रफळाचा जाब मागत होतो.

मर्केटरास दोष देणाऱ्यांची आज वाण नाही. आम्हांस मात्र तसे करणे न्यायाचे वाटत नाही. त्याच्या नकाशावर दोन बंदरांमध्ये सरळ रेघ मारली की होकायंत्राची सुई कोणत्या कोनात ठेवून जहाज हाकावे ते खलाशास कळत असे, आणि तो कोन वाटेत बदलावा लागत नसे. भर समुद्रात ज्याच्या हाती माणसांचे जीव आहेत, त्याला ग्रीनलंडच्या क्षेत्रफळाशी काय कर्तव्य? आजच्या मोबाईलवरील नकाशांनीही जवळजवळ हेच प्रक्षेपण उचलले, त्याचे कारणही असेच व्यवहारी आहे. ह्या प्रक्षेपणात कोन राखले जातात. त्यामुळे नानाखेड्याच्या बसस्थानकापाशी जो चौक काटकोनात आहे तो पडद्यावरही काटकोनातच दिसतो. गल्ली शोधण्यास हा नकाशा उत्तम. दोन राज्यांची वा दोन खंडांची तुलना करण्यास मात्र तो सर्वथा निरुपयोगी. सुरी भाजी चिरण्यास उत्तम असते. तिने कोणी वरण ढवळू लागला तर दोष सुरीचा नव्हे.

दोष लागतो तो नकाशा आपल्या जागेवरून हलून नको त्या जागी जाऊन बसतो तेव्हा. खलाशांसाठी केलेला हा नकाशा पुढे शाळांच्या भिंतींवर, कचेऱ्यांत आणि पुस्तकांत 'जगाचा नकाशा' म्हणून जाऊन बसला, आणि त्यातून पिढ्यान् पिढ्यांच्या मनात जगाचे एक चुकीचे चित्र ठसले. ह्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. वस्तुतः ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लक्ष चौरस किलोमीटर आणि आफ्रिका खंडाचे सुमारे ३०३ लक्ष. म्हणजे आफ्रिका चौदा पट मोठी! आपल्या भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२.९ लक्ष चौरस किलोमीटर आहे. तेव्हा ग्रीनलंड आपल्या देशाच्या दोनतृतीयांशच भरते. परंतु हा नकाशा पाहणाऱ्या मुलास ते भारताच्या कित्येक पट वाटते. विषुववृत्ताच्या आसपासचे देश लहान आणि उत्तरेकडचे देश अवाढव्य, असे चित्र लहानपणापासून डोळ्यांपुढे असले, तर मोठे होऊन कोणास महत्त्व द्यावे ह्याविषयीची समजही त्याच साच्यात घडणार नाही का? म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकेतील राष्ट्रांच्या संघाने मर्केटरचा जागतिक नकाशा मागे टाकून खंडांची क्षेत्रफळे खरी दाखविणारा नकाशा वापरावा, ह्या मोहिमेस पाठिंबा दिला. आम्हांस ही मागणी रास्त वाटते.

परंतु येथेही सावध राहिले पाहिजे. क्षेत्रफळ राखणाऱ्या प्रक्षेपणांस समक्षेत्र प्रक्षेपणे म्हणतात. १९७३ साली आर्नो पेटर्स ह्या जर्मन इतिहासकाराने असा एक नकाशा, हाच खरा न्यायाचा नकाशा म्हणून, जगापुढे ठेवला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. क्षेत्रफळे त्यात खरी आहेत ह्यात शंका नाही. परंतु आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका त्यात ओल्या कपड्याप्रमाणे दोरीवर लोंबत ठेवल्यासारख्या लांबट दिसतात. शिवाय जेम्स गॉल ह्या स्कॉटिश गृहस्थाने हीच रीत १८५५ साली मांडलेली होती. २०१८ साली तीन नकाशाशास्त्रज्ञांनी 'इक्वल अर्थ' नावाचे प्रक्षेपण सिद्ध केले. त्यात क्षेत्रफळही खरे राहते आणि आकृतीही डोळ्यांस सहन होण्याजोग्या राहतात. भिंतीवर टांगण्यास आम्हांस ते आज सर्वांत बरे वाटते. मात्र 'बरे' म्हणजे 'निर्दोष' नव्हे. त्या नकाशावर होकायंत्राची वाट काढता येत नाही आणि कडेच्या प्रदेशांच्या आकृती तिरक्या होतातच. एका नकाशाच्या जागी दुसरा टांगला आणि डोळे मिटले, तर आपण फक्त एका गैरसमजाच्या जागी दुसरा आणून बसविला असे होईल.

सपाट नकाशा अंतराच्या बाबतीतही कसा चकवितो, ह्याचा अनुभव आमच्या घरी येऊन गेला आहे. आमची आत्या सान फ्रान्सिस्कोला असते. 'दिल्लीहून तेथे जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता?' असे आजीने विचारले, तेव्हा आम्ही भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ दाखविली. ते चुकले. दिल्ली साडेअठ्ठावीस आणि सान फ्रान्सिस्को साडेसदतीस अक्षांशाच्या आसपास आहे. मर्केटरच्या नकाशावर ह्या दोहोंना जोडणाऱ्या सरळ रेघेने पॅसिफिकवरून गेले तर सुमारे १५,००० किलोमीटर पडतात. पृथ्वीगोलावर मात्र दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेस सुमारे ७५ अक्षांशापर्यंत चढतो, आर्क्टिक प्रदेशावरून जातो आणि पलीकडे उतरतो. ते अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर केवळ कागद सपाट असल्यामुळे वाढून दिसत होते! वारा आणि इतर अडचणी पाहून विमाने आपली वाट बदलतात हे खरे. तथापि जवळची वाट कोणती हे ओळखण्यास दोरा आणि पृथ्वीगोलच हवा.

मग सपाट नकाशावर विश्वास ठेवावयाचाच नाही का? तसेही नाही, आणि ह्याचे उत्तर आपल्याच एका पूर्वजाने आठशे वर्षांपूर्वी दिले आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची हकीकत कोरलेली आहे. ११५० साली रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी' ग्रंथातील गोलाध्यायात, पृथ्वी गोल असूनही सपाट का भासते, ह्याचे त्यांनी कारण सांगितले आहे. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो. पृथ्वी प्रचंड, माणूस लहान, म्हणून त्याला दिसणारा तुकडा सपाट वाटतो, असा त्यांचा आशय आहे. ह्याचाच दुसरा अर्थ असा की, तुकडा लहान घेतला तर तो सपाट कागदावर उतरविताना होणारी चूकही लहान असते. नानाखेड्याच्या नकाशात ती डोळ्यांस दिसणार नाही, उज्जैन जिल्ह्याच्या नकाशात जेमतेम जाणवेल, देशाच्या नकाशात सांभाळावी लागेल आणि जगाच्या नकाशात ती लपविताच येणार नाही.

आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे ह्याच तत्त्वावर चालतात. २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वांसाठी खुल्या केलेल्या नकाशांत मर्केटरची नळी आडवी करून वापरलेली आहे. सबंध पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ उभे पट्टे पाडावयाचे आणि प्रत्येक पट्ट्यासाठी स्वतंत्र नळी त्याच्या मध्यावर धरावयाची, अशी ही रीत आहे. पट्टा अरुंद, म्हणून चूक थोडी. पुणे आणि उज्जैन दोन्ही ४३ व्या पट्ट्यात येतात. नागपूर ४४ व्या पट्ट्यात जाते. आमच्या पट्ट्याची मध्यरेषा ७५ रेखांशाची. ती उज्जैनच्या पश्चिमेस सुमारे ऐंशी किलोमीटरांवरून जाते. ह्या नकाशांच्या कडेला प्रक्षेपणाचे नाव छापलेले असते. ज्यांनी मोजण्याचे कष्ट घेतलेले असतात ते आपली मर्यादाही लिहून ठेवतात, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

आणि हे मोजण्याचे कष्ट लहान नव्हते. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्टन ह्या अधिकाऱ्याने त्रिकोणांची जी साखळी सुरू केली, ती वाढवीत वाढवीत तो वृद्धापकाळी विदर्भापर्यंत आला आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. ते काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. झेंडे धरणारे, साखळ्या ओढणारे, जंगलातून वाट काढणारे शेकडो हिंदी लोक ह्या मोजणीत राबले. त्यांतल्या बहुतेकांची नावेही कोणास ठाऊक नाहीत. पृथ्वी पूर्ण गोलही नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, विषुववृत्ताशी तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ आणि ध्रुवाशी सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे, हे जे आपण आज एका ओळीत पाठ करतो ते अशा अनेक देशांतील मोजण्यांचे फळ आहे.

आम्ही उज्जैनकर तर ह्या बाबतीत विशेष भाग्यवान. क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली वेधशाळा आमच्या घरापासून सायकलने जाण्याजोगी आहे. पुढे ती मोडकळीस आली. नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे ह्या विद्वानांच्या सूचनेवरून माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला आणि आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. तेथील सम्राट यंत्राची तिरपी भिंत पाहावी. तिचा चढ सुमारे २३ अंशांचा आहे, कारण उज्जैनचा अक्षांश २३ अंश ११ कला आहे. जयपूरच्या यंत्राची भिंत सुमारे २७ अंशांनी चढते आणि दिल्लीची त्याहून अधिक. तिन्ही भिंतींचा रोख एकाच ध्रुवाकडे, आणि तरी तिन्हींचे चढ वेगळे! पृथ्वी सपाट असती तर हे चढ असे अक्षांशागणिक बदलते ना. जे कागदास सांगता येत नाही ते ह्या दगडचुन्याच्या भिंती उभ्या उभ्या सांगत आहेत, आणि आम्ही मात्र सहलीस जाऊन तेथे छायाचित्रे काढून परत येतो!

उज्जैनच्या अभिमानाची आणखी एक गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आपल्या प्राचीन ज्योतिषग्रंथांत मध्यरेखा मानली आहे ती लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू ह्यांवरून जाणारी. १८८४ साली वॉशिंग्टन येथे पंचवीस राष्ट्रांची परिषद भरली आणि बावीस राष्ट्रांच्या मतांनी ग्रिनिचचे रेखावृत्त शून्य मानण्यात आले. ते शून्य पुन्हा उज्जैनला आणावे, अशी इच्छा डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याच्या विधानसभेतही बोलून दाखविली गेली. आमचे ह्याविषयीचे मत नम्रपणे सांगतो. विषुववृत्त निसर्गाने आखले आहे, कारण पृथ्वी फिरते. शून्य रेखावृत्त निसर्गाने कोठेच आखलेले नाही. ग्रिनिच निवडले गेले ते अधिक खरे म्हणून नव्हे, तर त्या काळी जगातील बहुतेक जहाजे त्याच रेषेवर आधारलेले नकाशे वापरीत होती म्हणून. ती रेषा उज्जैनवरून नेली तरी एकाही देशाचे क्षेत्रफळ बदलणार नाही आणि एकाही नकाशाची चूक कमी होणार नाही.

मग आमचा अभिमान कोठे असावा? आमच्या मते तो मोजमापात असावा. भास्कराचार्यांनी अवंती ही विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर आहे असे लिहिले. तीनशे साठ अंशांचा सोळावा भाग साडेबावीस अंश. खरा अक्षांश तेवीस अंशांहून थोडा अधिक. केवढी जवळची मोजणी! रेखांश मोजणे त्या काळी त्याहून कठीण होते. कुरुक्षेत्र वस्तुतः उज्जैनच्या रेषेपासून सुमारे एक अंश पूर्वेस आहे. आपल्या पूर्वजांची थोरवी मध्यभागी बसण्यात नव्हती, तर भिंती बांधून, छाया मोजून, चूक दिसली की सुधारून घेण्यात होती. मध्य कोठेही मानता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हात जगाचा नकाशा उत्तर ध्रुव मध्ये धरून काढलेला आहे. त्याच रीतीने नानाखेडे मध्ये धरूनही सबंध पृथ्वीचा नकाशा काढता येईल आणि त्यात आमच्यापासूनचे प्रत्येक ठिकाणाचे अंतर व दिशा अगदी खरी येईल. परंतु दूरच्या देशांचे आकार मात्र ओळखू येणार नाहीत. स्वतःस मध्ये ठेवून जग पाहिले की दूरचे लोक वेडेवाकडे दिसतात, ही गोष्ट नकाशापुरतीच खरी आहे असे नव्हे.

आता आमचे मागणे सांगून लेख आटोपता घेतो. पहिले, शाळेत टांगलेल्या आणि पुस्तकात छापलेल्या जगाच्या प्रत्येक नकाशाखाली एक ओळ असावी: प्रक्षेपणाचे नाव काय, त्यात काय राखले आहे आणि काय सोडले आहे. दुसरे, प्रत्येक वर्गात एक पृथ्वीगोल असावा, आणि तो कपाटावर धूळ खात न राहता मुलांच्या हाती यावा. सोबत फक्त वीतभर दोरा असला म्हणजे पुरे. तिसरे, जगाचा नकाशा शिकविताना निदान दोन निरनिराळ्या प्रक्षेपणांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवावेत. कोणी म्हणेल, परीक्षेत ह्याला गुण किती? कोणी म्हणेल, हाती मोबाईल असता ही उठाठेव कशाला? त्यांस आमचे एवढेच उत्तर आहे की, मोबाईल वाट दाखवील. पण तो दाखवितो त्यातले किती मानावे हे तो आपण होऊन सांगत नाही. ते विचारण्याची सवय शाळेतच लागावी लागते. नकाशापुरती लागली तरी ती पुढे आकड्यांना, बातम्यांना आणि भाषणांनाही उपयोगी पडेल.

नकाशा खोटा नसतो. तो कशाशी तरी इमान राखून असतो आणि त्यासाठी दुसरे काही तरी सोडून देतो. ते इमान कशाशी आहे एवढे ओळखता आले, तर तोच नकाशा आपला चांगला मित्र होतो. असो. येत्या उन्हाळ्यात आम्ही पुण्यास मामांकडे जाणार आहोत. जाताना सोबत आलेखवही, दोरा आणि लहानसा पृथ्वीगोल नेण्याचे ठरले आहे. दोन्ही राज्ये सारखीच मोठी आहेत हे आता उभय पक्षांना मान्य आहे. तेव्हा भांडणास नवा विषय शोधावा लागेल, एवढीच काय ती अडचण!